मुसा बुसी आणि नगर प्रांतांतील १७५१ ची मोहीम

इ. स. १७५९ च्या सप्टेंबरांत उत्तर अमेरिकेंतील क्वेबेक शहराबाहेरच्या पठारावर माँकाम नांवाचा फ्रेंच सेनापति इंग्रजांशीं लढतांना घायाळ झाला व दुसऱ्या दिवशीं मरण पावला. त्याच्या मृत्यूबरोबर कॅनडांतील फ्रेंच सत्तेचें भवितव्य ठरल्यासारखें झालें, म्हणून पाश्चात्य ग्रंथकारांनीं त्याच्यावर पुष्कळ लिहिलें आहे. त्याच काळांत, त्याच राजाचा सेवक व त्याच शत्रूचा प्रतिस्पर्धी असा दुसरा एक फ्रेंच सेनानी आपल्या दक्षिणेंत वावरत होता. त्याचें नांव शार्ल जोसेफ पातिसिए द बुसी. आपल्या जुन्या कागदांत त्यास 'मुसा बुसी' म्हटलेलें आढळतें. 'मुसा' हें 'मस्यू' या फ्रेंच आदरवाचक शब्दाचें दखनी रूप होय. माँकाम अहमदनगर जिल्ह्यास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यास, अर्थातच अपरिचित. बुसी मात्र या जिल्ह्याच्या वाटा तुडवून गेला, नगरच्या भुईकोटाच्या आश्रयानें राहिला, आणि येथूनच त्यानें पुण्यावर चाल केली.

प्रस्तुत लेखकानें पुष्कळ वर्षें शाळेंत संस्कृत व इतिहास हे विषय शिकविले. ग्रहणाच्या रात्रीं मराठे स्नानजपांत गुंतले असतां बुसीनें छापा घातला व नानासाहेब पेशव्यांस पळ काढावा लागला, एवढें मुलांस सांगून पुढील धड्याकडे वळण्याची त्याची रीत होती. एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "पेशवे पळाले, तर मग मोगल पुण्यास कां पोंचले नाहींत?" त्या वेळीं कांहींतरी सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनांत सलत राहिला. पुढें पाहतां असें दिसून आलें कीं, ज्या धड्यास आम्हीं पराभवाचा धडा समजत होतों तो अर्धाच वाचला गेला होता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर समजावें.

१. बुसीचा पूर्ववृत्तांत

बुसीचा जन्म १७१८ च्या सुमारास उत्तर फ्रान्सांत स्वासों शहराजवळील एका खेड्यांत झाला. तरुणपणींच तो पूर्वेकडील फ्रेंच कंपनीच्या सेवेंत शिरून पांडिचेरीस आला. तेथें गव्हर्नर दुप्ले यानें त्याचे गुण ओळखले. १७५० च्या सप्टेंबरांत जिंजीचा किल्ला एका रात्रींत घेण्याच्या कामीं बुसी अग्रभागीं होता. हीच ती जिंजी, जी राजाराममहाराजांच्या काळीं मोगलांविरुद्ध सुमारें आठ वर्षें झुंजली होती. जें स्थळ बादशाही फौजांस वर्षानुवर्षें मिळालें नाहीं तें मूठभर फिरंग्यांनीं रात्रींत घेतलें, ही वार्ता सर्व दक्षिणेंत पसरली व बुसीच्या नांवाचा दरारा बसला.

निजामुल्मुल्क १७४८ मध्यें वारल्यानंतर त्याच्या गादीविषयीं कलह माजला होता. द्वितीय पुत्र नासिरजंग १७५० च्या डिसेंबरांत मारला गेला आणि फ्रेंचांच्या पाठबळानें निजामुल्मुल्काचा दौहित्र मुजफरजंग सुभेदार झाला. त्यास दक्षिणेंत पोंचविण्यासाठीं १७५१ च्या जानेवारींत बुसी सुमारें तीनशें युरोपीय शिपाई व दोन हजार हिंदी शिपाई घेऊन पांडिचेरीहून निघाला. वाटेंत रायचोटीजवळ पठाण नबाबांशीं झालेल्या झटापटींत मुजफरजंग ठार झाला. दुसरा कोणी असता तर गोंधळून गेला असता. बुसीनें मात्र निजामुल्मुल्काचा तिसरा पुत्र सलाबतजंग यास तत्काळ मसनदीवर बसविलें व मोहीम तशीच पुढें चालविली. त्याच वर्षीच्या जूनमध्यें तो नव्या सुभेदारासह औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, पोंचला.

२. मोहिमेचें कारण

सलाबतजंगाचा ज्येष्ठ बंधु गाजीउद्दीन दिल्लीस होता. वयाच्या मानानें सुभेदारीवर त्याचा हक्क अधिक, आणि नानासाहेब पेशव्यांनीं त्याचा पक्ष उचलला होता. पेशव्यांस या वेळीं स्वस्थता नव्हती. साताऱ्यास ताराबाईंनीं रामराजास १७५० च्या अखेरीस किल्ल्यांत अडकवून ठेवलें होतें, दमाजी गायकवाडांशीं नुकताच झगडा झाला होता, आणि फौजेच्या देण्याचा बोजा डोक्यावर होता. शत्रूच्या घरांत फूट असतां त्याच्या मुलखांत शिरावें, हा नीतिशास्त्राचा सर्वपरिचित नियम आहे. सलाबतजंगाचा दिवाण राजा रघुनाथदास व बुसी यांनीं तोच अवलंबिला. मराठे निजामाच्या मुलखांत येऊन लुटालूट करणार व निजामानें आपल्याच रयतेची राख पाहत बसावें, ही जुनी रीत मोडून यंदां मराठ्यांच्या मुलखांतच युद्ध न्यावें, असा बुसीचा सल्ला पडला. सल्ला धाडसाचा होता, आणि ज्या सैन्याच्या बळावर तो दिला तें सैन्य दक्षिणेंत पूर्वीं कोणीं पाहिलें नव्हतें.

त्या बळाचें स्वरूप येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मोगलांजवळ तोफा पुष्कळ होत्या. परंतु त्या अवजड, बैलांच्या लांब रांगांनीं ओढावयाच्या व एकदां मांडल्यावर सहसा न हलणाऱ्या. बुसीच्या मैदानी तोफा हलक्या असून पायदळाबरोबर चालत व एकाच मिनिटांत अनेकदां डागतां येत. पायदळ कवाइती, हुकुमाबरोबर रांगा बदलणारें. घोडदळाचा लोंढा अंगावर आला असतां हें पायदळ पळत नसे. रांग धरून तो जवळ येईपर्यंत थांबे आणि मग एकदम गोळी चालवी. अशा पायदळास आपल्याकडे 'गारदी' हें नांव पडलें. शब्द परकीय, फिरंगी भाषांतील 'गार्द' म्हणजे पहारा यावरून आलेला. परंतु पुढें तो मराठींत इतका रुळला कीं त्याचें मूळ कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

३. नगराहून घोडनदीपर्यंत

पावसाळा संपल्यावर सलाबतजंगाची फौज औरंगाबादेहून नगरास आली. १४९० मध्यें मलिक अहमदानें वसविलेलें हें शहर व त्याचा भुईकोट या वेळीं निजामाच्या अमलाखालीं होता. जड सामान, दाणागोटा व राखीव दारूगोळा येथें ठेवून फौज सडी करून पुढें न्यावयाची, अशी योजना ठरली. म्हणजे या मोहिमेंत नगर हें केवळ वाटेवरचें ठाणें नव्हतें, तें मोहिमेचें कोठार होतें. ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आज नगराहून पुण्यास जाणारा हमरस्ता सुपें, शिरूर, रांजणगांव, शिक्रापूर, कोरेगांव या क्रमानें जातो. १७५१ ची चाल स्थूलमानानें याच दिशेनें झाली. नगरचें पठार उतरून दक्षिणेकडे गेलें म्हणजे कुकडी व घोड या नद्या आडव्या येतात. कांहीं अंतर याच नद्या नगर व पुणें या जिल्ह्यांची सीमा आहेत. प्रस्तुत लेखकानें मार्गशीर्षांत मुद्दाम हा मुलूख पाहिला. पावसाळ्यानंतर नदीचें पाणी उतरलेलें असतें, ज्वारीचीं पिकें उभीं असतात, आणि दृष्टि पोंचेल तेथपर्यंत घोडा फेंकण्यास अडथळा नाहीं. घोडदळानें शत्रूभोंवतीं घिरट्या घालाव्या, दाणावैरण तोडावी, मागें राहिलेल्यांस गांठावें, यास याहून सोयीचा मुलूख सांपडणें कठीण. पेशव्यांजवळ सुमारें चाळीस हजार घोडदळ होतें, आणि नगर सोडल्यापासून त्यानें मोगलांस एक दिवस सुखाचा लाभूं दिला नाहीं.

या घिरट्यांस उत्तर म्हणून बुसीनें रात्रीचा छापा योजला. घोडनदीवरील राजापुराजवळ मराठ्यांचा तळ होता. चंद्रग्रहणाची रात्र आली. ग्रहणांत स्पर्शाच्या वेळीं स्नान, मध्यें जप व मोक्षानंतर पुन्हां स्नान व दान, असा आपला आचार. तळावरील बरीच मंडळी या कर्मांत असणार हें बुसीनें हेरलें व त्या वेळीं तोफा पुढें काढून तळावर मारा केला. तळाची एकच धांदल उडाली. खुद्द पेशवे नदीवर धर्मकृत्यांत होते, ते मोठ्या मुष्किलीनें निसटले व त्यांचीं पूजेचीं सोन्याचीं उपकरणीं शत्रूच्या हातीं पडलीं, अशी हकीकत सांगितली जाते. अश्वत्थाम्याच्या रात्रींच्या घाल्यास महाभारतांत सौप्तिकपर्व हें नांव आहे; तेथें सेना निद्रिस्त होती, येथें ती जपांत होती.

४. ग्रहणाच्या दिवसाविषयीं

या छाप्याची तारीख ग्रँट डफप्रभृति इंग्रज ग्रंथकार २२ नोव्हेंबर १७५१ अशी देतात व तीच आपल्या पुस्तकांतून उतरत आली आहे. या तारखेचा थोडा विचार करणें अवश्य वाटतें.

चंद्रग्रहण पौर्णिमेसच होतें, हें कोणीहि जाणतो. आजच्या, म्हणजे नव्या ग्रेगोरियन गणनेनें १७५१ च्या नोव्हेंबराची २२ वी तारीख घेतली, तर ती मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी-पंचमीच्या सुमारास पडते. त्या रात्रीं चंद्राची कोर पश्चिमेस लौकर मावळणार. ग्रहणाची वार्ताच नको. मग ग्रंथकारांनीं ग्रहण कल्पनेनें घातलें काय? तसें नाहीं. इंग्रजांनीं नवी गणना १७५२ च्या सप्टेंबरांत स्वीकारली व त्या वेळीं अकरा दिवस गाळले. त्यापूर्वींच्या त्यांच्या तारखा जुन्या गणनेच्या असतात. फ्रेंच मात्र नवी गणना फार पूर्वींपासून पाळीत. जुन्या गणनेच्या २२ नोव्हेंबरांत अकरा दिवस मिळविले म्हणजे नव्या गणनेची ३ डिसेंबर येते. शके १६७३ प्रजापतिनाम संवत्सराची मार्गशीर्षी पौर्णिमा गणितानें २ व ३ डिसेंबर यांमधील रात्रीं येते, आणि त्याच रात्रीं चंद्रग्रहणहि येतें. याप्रमाणें गणित व कथा यांचा मेळ बसतो. ग्रहणाची गोष्ट खरी, तारीखहि खरी. मात्र ती जुन्या गणनेची आहे, असें म्हटलें पाहिजे.

ही मार्गशीर्षी पौर्णिमा म्हणजे आपली दत्तजयंती होय. तळावर त्या रात्रीं धर्मकृत्यांची गर्दी कां असावी, याचा अधिक उलगडा यावरून होतो. दुसरी गोष्ट अशी कीं, मराठी कागदांतील सुहूर सन इसन्ने खमसैन मया व अलफ यांतील तिथि, फारशी कागदांतील हिजरी तारखा, फ्रेंचांच्या नव्या तारखा व इंग्रजांच्या जुन्या तारखा, हीं चार मापें न जुळवितां जे या मोहिमेचा दिनक्रम लावतात त्यांच्या हातून एकच प्रसंग दोनदां घडण्याचा संभव असतो. विद्यार्थ्यांनीं या बाबतींत सावध असावें.

ग्रहणाच्या कथेवरून मराठ्यांच्या भोळेपणास हंसण्याची एक रीत पडली आहे. तीहि तपासून पाहावी. आचार पाळणें हा दोष मानला तरी दोष खरा निराळाच होता. शत्रू तोफांच्या पल्ल्याच्या बाहेर आहे तोंवर तळ निर्धास्त, हें घोडदळाच्या लढाईचें जुनें गणित होतें. तोफा रात्रींत चालून येतात, हें गणितांत बसविलेलें नव्हतें. चुकलें तें पंचांग नव्हे, पहारा चुकला.

५. कोरेगांव व परतीची वाट

छाप्यानंतर मोगल पुढें सरकले. रांजणगांव लुटलें गेलें व तळेगांव ढमढेरे उद्ध्वस्त झालें. जुन्या गणनेच्या २७ नोव्हेंबरास भीमेकांठीं कोरेगांवच्या परिसरांत मोठी लढाई झाली. छापा पडून पुरते सहा दिवसहि झाले नव्हते. ज्या फौजेची दाणादाण झाली असें पुस्तकें सांगतात, तीच फौज महादजीपंत पुरंदरे, दत्ताजी व महादजी शिंदे आणि कोन्हेर त्र्यंबक एकबोटे यांच्या हाताखालीं मोगलांवर तुटून पडली. एकबोट्यांच्या शौर्याची त्या दिवशीं विशेष वाखाणणी झाली. 'फांकडे' हें त्यांचें उपपद प्रसिद्धच आहे. मोगलांचें घोडदळ मागें रेटलें गेलें, आणि फ्रेंच तोफांनीं मारा धरला नसता तर सलाबतजंगाची धडगत नव्हती.

कोरेगांवाहून पुणें सुमारें तीस किलोमीटर, म्हणजे जुन्या मानानें नऊदहा कोस. बुसीच्या तोफा शाबूत होत्या, शिपाई शाबूत होते, आणि पेशव्यांची राजधानी एका लांब मजलेवर होती. तरी फौज पुण्याकडे न जातां नगराकडे वळली. हाच तो मागच्या बाकावरचा प्रश्न.

उत्तरासाठीं कौटिल्याच्या अर्थशास्त्राकडे वळावें. सैन्याच्या जीवनाचे तीन आधार तेथें सांगितले आहेत: वीवध, प्रसार व आसार. वीवध म्हणजे मागून येणारा धान्याचा पुरवठा, प्रसार म्हणजे आसपासच्या रानांतून मिळणारें गवत-लांकूड, आणि आसार म्हणजे मित्राचें साहाय्य. हे तीन तुटले म्हणजे रणांगणांत न हरलेलें सैन्यहि हरतें. सलाबतजंगाचा वीवध नगरच्या कोटांत होता. नगर व कोरेगांव यांमधील वाट मराठी घोडदळाच्या हातीं होती. प्रसार म्हणावा तर जो मुलूख त्यांनीं स्वतः जाळला त्यांतून वैरण कोठून मिळणार? आसार म्हणावा तर तोहि नाहीं. उलट वऱ्हाडांतून वार्ता आली कीं, रघूजी भोसल्यांनीं गाविलगड व नरनाळा घेऊन पाठीमागें मुलूख मारावयास आरंभ केला आहे. नाशिकाकडे त्र्यंबकचा किल्लाहि मराठ्यांच्या हातीं गेला व तो परत मिळविण्याचा प्रयत्न निष्फळ झाला. कौटिल्याच्या परिभाषेंत सांगावयाचें तर पार्ष्णिग्राह, म्हणजे पाठीवर बसणारा शत्रू, उभा राहिला. त्यांत शिपायांचा पगार थकला व तळांत कुरकुर सुरू झाली. शेवटीं बुसीनेंच तहाचा सल्ला दिला आणि १७५२ च्या आरंभीं युद्ध तहकूब झालें.

मोहिमेचा जमाखर्च मांडतां काय दिसतें? बुसीनें छापा जिंकला, कोरेगांवीं फौज वांचविली, तरी मराठ्यांचा एक परगणाहि मिळविला नाहीं. १७५२ च्या एप्रिलांत पगारासाठीं खवळलेल्या शिपायांनीं भालकीजवळ रघुनाथदासाचा खून केला. त्याच वर्षीं गाजीउद्दीन दक्षिणेंत आला व ऑक्टोबरांत औरंगाबादेस विषप्रयोगानें मेला. तरीहि नोव्हेंबरांत भालकीस जो तह झाला त्यांत सलाबतजंगास खानदेश, बागलाण इत्यादि मुलूख पेशव्यांस द्यावा लागला. छाप्यांत हरलेल्यानें एका वर्षांत मुलूख मिळविला, व जिंकलेल्यानें गमाविला. पुस्तकांत पहिली गोष्ट छापली जाते, दुसरी दहा पानें पुढें निराळ्या प्रकरणांत असते. म्हणून दोहोंचा संबंध विद्यार्थ्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

बुसीनें मात्र हा धडा तत्काळ ओळखला. तोफेस दारू लागते तसा शिपायास पगार लागतो, आणि पगारास हुकमी मुलूख लागतो. म्हणून १७५३ मध्यें त्यानें आपल्या फौजेच्या खर्चासाठीं राजमहेंद्री, एलोर, मुस्तफानगर व चिकाकोल हे पूर्वकिनाऱ्याचे सरकार सलाबतजंगाकडून लावून घेतले. 'उम्दतुल्मुल्क' हा किताब मिरविणारा हा फिरंगी पुढील पांच वर्षें निजामाच्या दरबारचा खरा आधार होऊन राहिला.

६. माँकाम, लाली व बुसी

येथें आरंभीं उल्लेखिलेल्या माँकामाकडे पुन्हां वळूं. त्याचा जन्म १७१२ चा. युरोपांतील युद्धांत वाढलेला व लॅटिन ग्रंथांचा व्यासंगी. १७५६ मध्यें तो कॅनडांत आला. ऑस्वेगो व विल्यम हेन्री हे इंग्रजांचे कोट त्यानें लागोपाठच्या दोन वर्षांत घेतले. १७५८ च्या जुलैंत कारियों येथें सुमारें साडेतीन हजार लोकांनिशीं त्यानें पंधरा हजारांहून अधिक इंग्रजी फौज परतविली. परंतु गव्हर्नर व्होद्रइ याशीं त्याचें पटलें नाहीं. व्होद्रइ क्वेबेकांतच जन्मलेला. अरण्यांतील लढाई, तद्देशीय जमातींशीं मैत्री, अचानक घाले, यांवर त्याचा विश्वास. माँकामास ही रीत रानटी वाटे. रांगा बांधून कवाइतीनें लढावें हें त्याचें शास्त्र. १७५९ च्या १३ सप्टेंबरास वुल्फची फौज कडा चढून क्वेबेकच्या पठारावर आली, तेव्हां जवळच असलेल्या दुसऱ्या फ्रेंच तुकडीची वाट न पाहतां तो चालून गेला, आणि थोड्याच वेळांत सर्व आटोपलें.

बुसीची तुलना माँकामाशीं करण्याचा मोह होतो, पण विचारांतीं ती नीट बसत नाहीं. आपल्याकडील माँकाम म्हणजे लाली. तोहि शूर, तोहि थेट युरोपांतून १७५८ मध्यें आलेला, त्यासहि या देशाच्या रीतीभातींचा तिटकारा. बुसी हा आपल्याकडचा व्होद्रइ. मुलूख ओळखणारा, दरबारचे रागलोभ सांभाळणारा, आणि शत्रूचें पंचांगसुद्धां ध्यानांत ठेवणारा. लालीनें बुसीस हैदराबादेहून परत बोलाविलें. सात वर्षें बांधलेली इमारत त्या एका पत्रानें कोसळली. पुढील वर्षीं इंग्रजांनीं मच्छलीपट्टण घेतलें व सलाबतजंगानें त्यांच्याशीं तह केला. १७६० च्या २२ जानेवारीस वांदिवाशच्या लढाईंत लाली हरला व बुसी इंग्रजांच्या हातीं कैद झाला. १७६३ च्या पॅरिसच्या तहानें कॅनडा गेला व हिंदुस्थानांत फ्रेंचांकडे थोडीं ठाणीं तेवढीं उरलीं. माँकाम रणांत पडल्यानें वीर ठरला. लालीचा १७६६ मध्यें त्याच्याच देशबांधवांनीं शिरच्छेद केला. बुसी संपत्तिमान होऊन स्वदेशीं राहिला, १७८३ मध्यें वृद्ध व व्याधिग्रस्त असतां सेनापति म्हणून पुन्हां हिंदुस्थानांत आला, आणि १७८५ च्या जानेवारींत पांडिचेरीस वारला. दोन्ही खंडांत फ्रान्सनें मुलूख गमाविला त्याचें एक कारण सारखेंच दिसतें: जो त्या भूमीस ओळखत होता त्याचें न ऐकतां, जो तीस ओळखत नव्हता त्याच्या हातीं सूत्रें दिलीं गेलीं.

७. आमच्याकडील परिणाम

बुसीच्या तोफांनीं पेशव्यांच्या मनावर जो ठसा उमटविला तो कायमचा ठरला. १७५६ मध्यें सावनूरच्या वेढ्यांत बुसीचा तोफखाना पेशव्यांच्या बाजूनें लढला, तेव्हां तर त्याची करामत जवळून पाहावयास मिळाली. बुसीच्या हाताखालीं तयार झालेल्या इब्राहिमखान गारद्यास पुढें पेशव्यांनीं चाकरीस घेतलें. १७५९ मध्यें नगरचा किल्ला मराठ्यांकडे आला. तोहि तोफांनीं नव्हे, किल्लेदार कवीजंग यास द्रव्य देऊन. आठ वर्षांपूर्वीं जो कोट पुण्यावरील मोहिमेचें कोठार होता, तोच आतां निजामावरील मोहिमेचें द्वार झाला. १७६० च्या ३ फेब्रुवारीस उदगीरची लढाई झाली. वांदिवाशला गुरु कैद झाल्यास पुरता पंधरवडाहि लोटला नव्हता, तों उदगिरास शिष्यानें त्याच्याच विद्येनें निजामाची फौज मोडली. सुमारें साठ लक्षांचा मुलूख मराठ्यांस मिळाला.

येथपर्यंत धडा बरोबर उतरला होता. परंतु धड्याचा दुसरा अर्धा भाग? कोरेगांवाहून बुसी कां परतला, हें ज्या घोडदळानें त्यास परतविलें त्याच्याच धन्यांच्या ध्यानीं राहिलें नाहीं. एका वर्षानें, १७६१ च्या १४ जानेवारीस, पानिपतावर मराठे सलाबतजंगाच्या जागीं उभे होते. इब्राहिमखानाचा तोफखाना उत्तम होता, गारदी शेवटपर्यंत रांग धरून झुंजले; पण जड तोफा, बुणगे, दूरचें कोठार आणि भोंवतीं शत्रूचें चपळ घोडदळ, हें सर्व १७५१ चेंच चित्र, पात्रें मात्र उलट. वीवध तुटला, प्रसार तुटला, आसार आला नाहीं. बुसीस निदान नगर पाठीशीं होतें. भाऊसाहेबांस तेंहि नव्हतें.

याच जिल्ह्यांत जामखेड तालुक्यांतील खर्डें येथें १७९५ च्या मार्चांत तोच प्रयोग पुन्हां झाला. निजामाकडे रेमूंचीं फ्रेंच पद्धतीचीं पायदळें होतीं, मराठ्यांकडे पेराँ व दुद्रनेक यांचीं. निजाम खर्ड्याच्या गढींत कोंडला गेला व अन्नपाणी तुटल्यावर शरण आला. तोफा दोहोंकडे होत्या. निकाल पुन्हां दाणापाण्यानें लागला.

पारनेर, श्रीगोंदें व शिरूर या भागांतील जुन्या वतनदार घराण्यांच्या दप्तरांत १७५१ च्या लुटीविषयीं, खंडणीविषयीं, अगर उजाड झालेल्या गांवांस दिलेल्या कौलांविषयीं कागद असण्याचा संभव आहे. सेनापतींच्या हकीकती पुष्कळ झाल्या. ज्या गांवांवरून त्या फौजा गेल्या त्यांची हकीकत अद्याप लिहावयाची आहे. ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं ते वाळवीच्या स्वाधीन न करितां अभ्यासकांस दाखवावे, एवढी विनंति आहे.

आतां त्या विद्यार्थ्यास उत्तर असें: मोगल पुण्यास पोंचले नाहींत, कारण त्यांच्या तोफा पुण्यापर्यंत पोंचत होत्या, पण त्यांची भाकर नगरापुढें पोंचत नव्हती. हें उत्तर त्या वेळीं वर्गांत देतां आलें असतें, तर पानिपताचा धडा मुलांस निराळ्या रीतीनें समजला असता, असें राहून राहून वाटतें.